सोडणाऱ्याला सोबत

उपवासकाळात आपल्यातील कित्येक जण सिगारेट, तंबाखू सोडण्याचा निश्चय करतात. काही दिवसांतच एखादा पुन्हा ओढू लागतो आणि आपण म्हणतो, 'याचे मनच खंबीर नाही.' हा न्याय बरोबर आहे का?

धुरातील निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. ते बंद होताच पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. पण तीच मिनिटे एकट्याने काढणे कठीण. व्हेपच्या विक्रीवर देशात २०१९ पासून बंदी आहे, तरी त्याची सवय लागलेल्या तरुणांचेही असेच होते.

निश्चय ज्याचा त्यानेच करायचा, हे खरे. पण तो निभावायला सोबत लागते. आपण टोमणे मारले, की तो लपून ओढतो आणि लपवलेली सवय अधिक बळावते. म्हणून आपणही काही सोडू या : त्याच्यासमोर सिगारेट पेटवणे, 'एकाने काय होते?' असा आग्रह करणे. शासनाचा १८००-११-२३५६ हा मोफत मदत क्रमांक त्याला देऊ या. आणि तो पुन्हा घसरलाच, तर त्याला आपल्याला खरे सांगता यावे, एवढे तरी त्याचे होऊन राहू या.