बेवारस गुरू

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. कोल्हापुरात सीपीआर दवाखान्याला जोडून शाहू महाराजांच्या नावाचं सरकारी कॉलेज. कॉलेज जुनं असो की नवं, डॉक्टर आधी मुडद्यावर शिकतो. मुडदा येतो कुठनं? हल्ली काहीजण देहदान करतात. पण १९४९ च्या कायद्यानं बेवारस प्रेतंही कॉलेजांना देता येतात. आणि बेवारस मरतो कोण? पोटासाठी गाव सोडून फुटपाथवर आलेला. बंगल्यातला न्हवं.

जित्यापणी ज्याला दारात उभं केलं नाही, त्याच्या काळजात हात घालून शिकताना विटाळ होत नाही. मग त्याच्याच वस्तीतला पोरगा राखीव जागेवर शेजारी बसला, की यांची गुणवत्ता का बाटते?

त्या देहाला कुणी विचारलं नव्हतं. त्यानं फी घेतली नाही, गुरुदक्षिणा मागितली नाही. मागितलं नाही म्हणून ऋण उरत नाही काय? उरतं. मेलेल्याचं ऋण त्याच्या जित्या भाईबंदांनाच फेडावं लागतं. १९०२ साली शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांना ५० टक्के जागा राखल्या, तेही उपकार नव्हते, देणंच होतं.

तेव्हा सवलत कुणी घेतली, हे आम्हाला विचारू नका. चिरफाडीच्या टेबलावर बघा.