अंगठीचा हिशेब

मंगनीचा दिवस ठरला की खानदेशातील घराघरांत अंगठीचा विषय निघतो. कुटुंब धुळ्याचे असले तरी पारोळा आणि एरंडोल ओलांडून जळगावच्या सराफ बाजाराची वाट धरते. सुवर्णनगरी म्हणून या शहराचा लौकिकच तसा आहे. पूर्वी काचेखालच्या दहा-बारा अंगठ्यांतून एक निवडली की काम संपत असे. आता मुले मोबाइलवरील चित्र दाखवतात आणि तशीच अंगठी घडवून मागतात. पाकळी जरा लहान, खडा जरा मोठा, आतल्या बाजूला नाव कोरलेले.

गेल्या वर्षी एका स्नेह्यांच्या सोबत मी अशाच कामासाठी जळगावला गेलो होतो. त्यांच्या होणाऱ्या सुनेसाठी अंगठी घडवायची होती. पहिल्या दुकानात चित्र पाहून एकच ठोक रक्कम सांगण्यात आली. स्नेह्यांनी विचारले, "शेठ, खडा वगळून सोने किती? घडणावळ किती?" उत्तर आले, "चाचा, एवढे कोणी विचारत नाही. नमुना पसंत आहे ना?" स्नेही ओशाळले आणि उठले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारले, "मी संशयखोर ठरलो का? मंगनीसारख्या शुभकार्यात सज्जन माणसाने इतका हिशेब मागावा का?"

प्रश्न लहान वाटला, तरी त्यात मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. स्पष्टपणे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे काय?

सुंदर वस्तू घडवून घेण्यात दोष नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः अंगठी घडवून घेतली होती. मोहोर नसलेले पत्र परकीय राजे स्वीकारत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी चांदीची अंगठी करवून तिच्यावर आपले नाव प्रेषितपदासह तीन ओळींत कोरून घेतले. ती अंगठी पुढे हजरत अबूबकर (रजि.), हजरत उमर (रजि.) आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या हाती आली आणि शेवटी अरीस नावाच्या विहिरीत पडली. तीन दिवस शोधूनही ती सापडली नाही. तिचे मोल धातूत नव्हते, तिच्या कामात होते. पुरुषांना मात्र सोने वर्ज्य आहे, म्हणून नवरदेवासाठी घडवायचीच असेल तर चांदीची घडवावी.

आता व्यवहाराकडे वळू. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या एका हदीसचा आशय असा की, विकणारा आणि घेणारा खरे बोलले आणि त्यांनी सारे उघड केले तर त्यांच्या सौद्यात बरकत येते. लपवले आणि खोटे बोलले तर ती बरकत पुसली जाते. येथे केवळ खरे बोलण्यावर थांबलेले नाही, उघड करणेही सांगितले आहे. जो खोटे बोलत नाही, पण सांगायचे तेवढे सांगतही नाही, त्याचा सौदाही अपुराच राहतो.

दागिन्याच्या बाबतीत तर याचा थेट दाखला आहे. खैबरच्या प्रसंगी हजरत फजाला (रजि.) यांनी सोने आणि मणी असलेला एक हार बारा दीनारांना घेतला. सुटा करून पाहिला तर सोनेच बारा दीनारांहून अधिक भरले. तेव्हा असा हार सुटा केल्याशिवाय विकू नये, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. खडा वेगळा आणि सोने वेगळे, हा माझ्या स्नेह्यांचा प्रश्न चौदा शतकांपूर्वीच योग्य ठरलेला आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना जो कठोर इशारा आहे, तोही याच काट्याशी जोडलेला आहे.

म्हणून घडवून घेताना सारे लिहून घ्यावे: नमुना, कॅरेट, खडा वगळून वजन, खड्याचा प्रकार, घडणावळ, घट, देण्याचा दिवस. २२ कॅरेटवर ९१६ आणि १८ कॅरेटवर ७५० असा अंक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक आवश्यक झाला आहे. मात्र दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. नाजूक अंगठी घेताना हे विसरू नये. जुना दागिना मोडीत देऊन नवा घ्यायचा असेल तर जुन्याची रक्कम आधी हाती घ्यावी आणि मग नव्याचा सौदा करावा. खजुरांच्या अदलाबदलीत प्रेषितांनी (स.) हीच रीत शिकवली. आगाऊ रक्कम आणि उधारी यांबाबत सोन्याचे नियम काटेकोर आहेत. ते जाणकार आलिमांना विचारावेत.

दुसऱ्या पेढीवर वृद्ध सराफांनी न विचारता सारे कागदावर मांडले. आतल्या खोलीत बंगालहून आलेला कारागीर दिव्याखाली कोंदणावर वाकला होता. स्नेही घडणावळीत घासाघीस करू लागले, तेव्हा सराफ शांतपणे म्हणाले, "सोन्याचा भाव माझ्या हाती नाही, चाचा. तुम्ही कमी करता आहात ती त्याची मजुरी आहे." पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याच्या विरुद्ध अंतिम न्यायाच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असा इशारा हदीसमध्ये आहे. स्नेही गप्प झाले. त्यांनी सांगितलेली मजुरी मान्य केली.

परतीच्या वाटेवर पारोळा मागे पडले, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "सराफाला मी सारे उघड करायला लावले. पण या अंगठीसाठी मी व्याजाने पैसे काढणार आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नाही."

खरा हिशेब येथे होता. आपण दुकानदाराकडून जो उघडपणा मागतो, तो स्वतःच्या घरात आणि होणाऱ्या सोयऱ्यांत पाळतो का? ज्याच्याकडे काहीच नव्हते त्या सहाबींना प्रेषितांनी (स.) लोखंडाची अंगठी तरी शोधून आणण्यास सांगितले, तीही मिळाली नाही, तेव्हा त्यांना येत असलेल्या कुरआनच्या भागावर निकाह लावून दिला. ते सहाबी सर्वांसमक्ष आपली गरिबी बोलून दाखवू शकले. आपण मात्र ती अंगठीखाली झाकतो.

त्या रात्री स्नेह्यांनी मुलाला सारे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांना फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "भाईसाहब, बरे झाले बोललात. तुमच्या तोलामोलाचे करावे म्हणून मीही प्लॉट विकायला काढला होता."

अंगठी घडली, ठरल्यापेक्षा निम्म्या वजनाची, रोख पैशांची. मंगनीच्या दिवशी मुलाच्या आईने ती मुलीच्या बोटात घातली, कारण मंगनी हा वचनाचा सोहळा आहे, निकाह नव्हे. त्या वचनाआड काही लपलेले नव्हते.

वाचकहो, अंगठी घडवायला जाल तेव्हा सराफाला निःसंकोच विचारा. तो अविश्वास नाही. मात्र तेच प्रश्न घरी येऊन स्वतःलाही विचारा. अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यवहारांत आणि नात्यांत बरकत देवो. आमीन.