प्रमाण आणि प्रामाणिकपणा

मोठी वस्तू लहान करून घरात ठेवावी, ही माणसाची फार जुनी हौस आहे. मोहरममध्ये कोकणात ठिकठिकाणी ताबूत बसतात. ज्या करबलाच्या रौजाची ती आठवण, तो रौजा ताबूत बांधणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो. (ताबूत बांधावेत की नाहीत, यावर आपल्यात जो वाद आहे तो येथे बाजूला ठेवू.) दिवाळीत पोरे अंगणात मातीचा किल्ला करतात आणि चिखल कालवायला मोहल्ल्यातली आमची मुलेही मागे राहत नाहीत. त्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो. पण त्याला कोणी खोटे म्हणत नाही, कारण ‘आम्ही हे मोजून केले’ असा दावा ताबूतवाला करत नाही आणि ती पोरेही करत नाहीत.

दावा सुरू होतो तो आकडा लिहिल्यापासून. विमानाच्या किटवर १:७२ छापलेले असते, रणगाड्याच्या किटवर १:३५, आगगाडीवर १:८७. या आकड्याचा अर्थ असा की, खऱ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची एकाच मापाने लहान केली आहे. कुठेही कमी नाही, कुठेही जास्त नाही. मराठीत ‘प्रमाण’ म्हणजे मापही आणि पुरावाही, आणि ‘प्रामाणिक’ हा शब्द त्यातूनच आलेला. घरी बसून अशी मॉडेल्स जोडण्याचा नाद आम्हांला काही वर्षे आहे. त्या नादात एक प्रश्न वारंवार समोर येतो. जी वस्तू थोडेफार खोटे केल्याशिवाय बनतच नाही, तिच्यात प्रामाणिकपणा कशाला म्हणायचे?

आधी या नादातल्या आनंदाविषयी सांगायला हवे. शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर रात्री डबा उघडावा. प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शंभर-दीडशे तुकडे, प्रत्येकाला नंबर, आणि सोबत बिनशब्दांचा नकाशा. कटरने तुकडा सोडवायचा, टोक घासायचे, आधी कोरडेच जुळवून पाहायचे. मग पातळ सिमेंटचा ब्रश सांध्यावरून फिरवायचा. हे सिमेंट चिकटवत नाही, ते प्लास्टिक वितळवते आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. दुसऱ्या दिवशी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिशपेपरने घासत गेले की सांध्याची रेघ बोटाला लागेनाशी होते. तो क्षण फार सुखाचा असतो. विमानाच्या आत वैमानिकाची खुर्ची असते, तिचे पट्टे असतात. दोन्ही अर्धे जोडले की ते पुन्हा कोणाला नीट दिसणार नसते. तरी ते रंगवले जातात. आपल्या दीनमध्ये ‘इहसान’ म्हणून जो शब्द आहे, म्हणजे अल्लाह पाहतो आहे असे जाणून काम नेटके करणे, तो मुलांना समजावताना आम्हांला हीच खुर्ची आठवते.

वैतागही तितकाच. कर्जत-खालापूरचा पावसाळा हा मॉडेलवाल्याचा शत्रू आहे. हवा ओली असली की लॅकरचा रंग सुकताना पांढरट पडतो. झटपट चिकटणारा गोंद पारदर्शक तुकड्याजवळ वापरला तर त्याच्या वाफेने कॉकपिटची काच धुरकटते. पाण्यात सोडलेला जुना डिकल कागदावरून सुटतानाच तीन तुकडे होऊन तरंगू लागतो. आणि चिमट्यातून उडालेला तांदळाएवढा तुकडा! तो शोधायला घरातली सगळी माणसे गुडघ्यांवर येतात, आणि अम्मी दारातून विचारतात, एवढ्या वेळात किती कामे झाली असती? त्याला उत्तर नसते. तुकडाही मिळत नाही.

हे सगळे सोसता येते. खरी अडचण पुढे आहे, आणि ती आमच्या तालुक्यातल्या गाडीनेच दाखवून दिली. नेरळ-माथेरानची रेल्वे १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. सुमारे सोळा लाख रुपये लागले, ते त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी घातले. मुंबईच्या बोहरा व्यापारी घराण्याचे हे काम. आपल्या पोरांना गाडी माहीत असते, हे नाव माहीत नसते. आमच्या हाती जे किटचे डबे आले त्यांत परदेशी लढाऊ विमाने आणि रणगाडेच जास्त. ही गाडी त्यांत कधीच नव्हती. तेव्हा पुठ्ठा आणि प्लास्टिकचा पत्रा घेऊन ती घरीच करायची ठरली, प्रमाण १:८७.

आता हिशेब पाहा. नेरळ ते माथेरान एकवीस किलोमीटर. सत्त्याऐंशीने भागले तर २४१ मीटर. एवढी जागा मोहल्ल्यात कोणाकडे आहे? माथेरानची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर; म्हणजे मॉडेलचा डोंगर नऊ मीटरच्या वर, तीन मजली इमारतीएवढा. म्हणजे मार्ग छाटायचा आणि डोंगर दाबायचा. पुढे रुळांचे माप. ही गाडी दोन फुटांची, म्हणजे ६१० मि.मी. रुंद रुळांवर धावते. १:८७ मध्ये ते सात मि.मी. होतात. पण बाजारात सहज मिळतो तो नऊ मि.मी.चा तयार रूळ. नऊला सत्त्याऐंशीने गुणा, ७८३ येतात. म्हणजे आमची माथेरानची राणी खऱ्या गाडीपेक्षा सव्वापट रुंद रुळांवर उभी राहणार.

हे फक्त आमचेच नाही. आपल्या मोठ्या गाडीचे रूळ १,६७६ मि.मी. रुंद. त्यांचे मॉडेल १९ मि.मी.हून थोड्या जास्त रुळांवर हवे, पण ते चालवतात सर्रास साडेसोळा मि.मी.वर, कारण जगभर तोच रूळ मिळतो. इंग्रजांची गंमत तर आणखी मोठी. त्यांची इंजिने आकाराने लहान, त्यात १:८७ प्रमाणात मोटर बसेना. तेव्हा त्यांनी रूळ तोच ठेवला आणि इंजिन व डबे १:७६ चे केले. गेली अनेक दशके ब्रिटनमधले बहुसंख्य हौशी लोक या अरुंद रुळांवरच्या गाड्यांत रमले आहेत. ज्यांना ते खपले नाही त्यांनी हाताने बरोबर मापाचे रूळ करण्यात आयुष्य घालवले. वजनाचेही तसेच. लांबी ८७ पटीने घटली की वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटीने घटते. दहा टनांची वस्तू पंधरा ग्रॅमची होते आणि रुळावर घसरते. म्हणून इंजिनाच्या पोटात गुपचूप नट किंवा शिशाचे तुकडे भरावे लागतात.

तेव्हा शंभर टक्के खरे मॉडेल असे काही नसते. असे म्हटले की काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: मग काय, सगळेच खोटे, कसेही करा! हे आम्हांला मान्य नाही. जाड रूळ, पोटातले वजन, दाबलेला डोंगर, या फेरफारांना कारण आहे आणि ते विचारणाऱ्याला सांगता येते. सांगितल्याने मॉडेलची किंमत कमी होत नाही. जो फेरफार सांगितला की मॉडेलची किंमत उतरते, तो मात्र लबाडीचा.

शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचेच घ्या. स्टेशनरीच्या दुकानात तयार ज्वालामुखी, तयार पवनचक्की, तयार सूर्यमाला मिळते. पालक आदल्या संध्याकाळी आणतात, सकाळी त्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी लागते, आणि गुण द्यायला आम्ही मास्तर उभे. एका पालकांनी आम्हांला उलट विचारले, “सर, तुमच्या विमानाचे तुकडे तरी तुम्ही कुठे केले? ते कारखान्यातच झाले ना?” प्रश्न चोख होता. आम्ही एवढेच म्हटले की आमच्या विमानाचा डबा आम्ही कपाटावर ठेवतो, आत लपवत नाही. मुलाने ‘सूर्यमाला विकत आणली, दिवे मी बसवले’ असे लिहिले तर दिव्यांचे गुण त्याचे. ते पालक हसले, पण चिठ्ठी काही बदलली नाही.

आता आपल्या घरांतला नाजूक प्रश्न. मॉडेलमध्ये माणसे ठेवायची का? सजीवांच्या आकृती करण्याविषयी हदीसमध्ये कडक इशारे आहेत. चित्रे करून पोट भरणाऱ्या एकाला हजरत इब्न अब्बास (र.) यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू करण्याचा सल्ला दिल्याची रिवायत आहे. दुसरीकडे हजरत आयेशा (र.) यांच्या बाहुल्यांची आणि पंख असलेल्या घोड्याचीही रिवायत आहे, ज्याकडे पाहून हुजूर (स.) हसले. उलेमांची मते वेगवेगळी आहेत. फतवा देणारे आम्ही कोण? डोके किंवा चेहरा नसलेल्या आकृतीला अनेकांची हरकत नसते, म्हणून पुष्कळ घरांत माणसांवाचून स्टेशन करतात आणि विषय मिटतो.

माथेरानच्या बाबतीत मात्र तो मिटत नाही. तिथे मोटारींना बंदी. सामान हमालांच्या डोक्यावर आणि घोड्यांच्या पाठीवर, आणि प्रवासी कित्येक वर्षे हातरिक्षात बसत आले. ती रिक्षा चढावर एक जण ओढतो आणि बाकीचे मागून ढकलतात. ई-रिक्षांसाठी या रिक्षावाल्यांनीच वर्षानुवर्षे प्रयत्न केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. आता १:८७ मध्ये लाल मातीच्या रस्त्यावर हातरिक्षा ठेवून पाहा. माणसे काढली की ती अगदी गोजिरवाणी दिसते. पाहणारा म्हणतो, वा, किती सुंदर! माणसे ठेवली की तोच पाहणारा क्षणभर गप्प होतो. माणसे न ठेवण्याचे आमचे कारण धार्मिक असेल, नियत साफ असेल, पण पाहणाऱ्याच्या मनात जे उतरते ते असे की ही गाडी आपोआप चालते. धर्माने आकृतीला हरकत घेतली असेल. राबणाऱ्याला पुसून टाका असे कुठे सांगितले आहे? मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपण मिंबरवरून ऐकतो. आमच्या मॉडेलमधली माणसे दोन सेंटिमीटरांपेक्षा कमी उंचीची, कागदाच्या सुरळीची, चेहरे नसलेली आहेत. पण रिक्षेला तीन आहेत, वाकलेली. एका दोस्ताने विचारले, चेहरा नाही तर ओळखणार कसे? आम्ही म्हटले, तिथे बसणाऱ्यांपैकी ओढणाऱ्याचा चेहरा कितीजणांना आठवतो?

लहान करताना काय गळते, हा प्रश्न खालापूर तालुक्यात हौसेपुरता राहत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे नंतर सरकारकडूनच सांगण्यात आले.

त्यानंतर आठवीच्या वर्गाने माथेरान ते इर्शाळगड या डोंगररांगेचे पुठ्ठ्याचे मॉडेल करायला घेतले. प्रमाण १:२५,०००. नकाशातली प्रत्येक समोच्च रेषा पुठ्ठ्यावर गिरवायची, कापायची, एकावर एक चिकटवायची. दोन मि.मी.चा पुठ्ठा म्हणजे खरे तर पन्नास मीटर. तसे केले तर डोंगर फारच बसका दिसतो, म्हणून थर पंचवीस मीटरचा धरला आणि उंची दुप्पट झाली. माथेरानला बत्तीस थर लागले. घरोघरी मुलांनी जुने खोके कापले, बोटांना पट्ट्या आल्या, काही थर उलटे चिकटले आणि पुन्हा सोडवले. शेवटी प्रश्न आला वाडीचा. सहा मीटरचे घर या प्रमाणात पाव मि.मी. होते; पेन्सिलच्या टोकाएवढेही नाही. एक हुशार मुलगा म्हणाला, नियमाने ते दाखवताच येणार नाही. त्याचे गणित बरोबर होते. दुसरी एक मुलगी म्हणाली, मग यादीवाल्यांचेही गणित बरोबरच असेल.

वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या दोघांनीच मिळून लाल डोक्याची एक टाचणी वाडीच्या जागी टोचली. मॉडेलखालच्या पाटीवर उर्दूत आणि मराठीत लिहिले आहे: प्रमाण १:२५,०००. उंची दुप्पट केली आहे. टाचणीचे डोके तीन मि.मी., म्हणजे जमिनीवर ७५ मीटर. हे प्रमाणाबाहेर आहे आणि मुद्दाम ठेवले आहे.