तक्रार कोणाच्या दारी न्यायची?

फौजी वसाहतीत घर मिळालं की एमईएसचा, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याचा, माणूस दारं, खिडक्या, नळ, पंखे मोजून ताब्यात देतो. घर सोडताना तो पुन्हा सगळं मोजून घेतो आणि जे मोडलं असेल ते ‘बॅरक डॅमेज’ म्हणून जवानाकडून वसूल होतं. फुटलेल्या काचेचा हिशोब असा चोख ठेवला जातो. ती काच वरच्या मजल्यावरच्या पोराने फोडली असेल, तर त्याच्या आईबापाशी काय बोलायचं आणि कसं, याची मात्र कुठेच सोय नाही. हे बोलणं कोणत्याही सोसायटीत अवघडच, पण फौजेत ते फारच अवघड होतं.

कारण उघड आहे. दारावरच्या पाटीवर नावाआधी हुद्दा असतो. कोणाला किती खोल्यांचं घर मिळायचं हे हुद्द्यावर ठरतं. अधिकाऱ्यांची घरं वेगळी, सुभेदारांसारख्या जेसीओंची वेगळी, जवानांची वेगळी. पण मैदान एकच असतं. शाळेची बस, कॅन्टीनची रांग, एमआय रूमचं (लष्करी दवाखान्याचं) बाकडं आणि मंदिरही एकच असतं. पोरं एकत्र खेळतात, भांडतात, एकमेकांच्या सायकलींची हवा सोडतात. मोठ्यांना मात्र पहिला विचार येतो तो बापाच्या हुद्द्याचा.

लष्करी कायदा, 1950 च्या कलम 63 खाली सुव्यवस्थेला आणि शिस्तीला बाधा आणणाऱ्या वर्तनासाठी सैनिकावर कारवाई होऊ शकते. कायदा लागू आहे तो वर्दीतल्या माणसाला; त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला नव्हे. पण सगळी वसाहतच शिस्तीच्या पायावर उभी असल्यामुळे पोराचा दंगा बापाच्या शिस्तीच्या खात्यात मांडला जातो. मग तक्रारदाराला दोनच वाटा दिसतात. वर कळवायचं, नाहीतर गिळून टाकायचं.

वर कळवलं की काय होतं? पोराच्या बापाला साहेबांपुढे उभं राहावं लागतं. सहकाऱ्यांना कळतं, कंपनीत चर्चा होते. खाली मान घालून ऐकून घेतलेला तो माणूस संध्याकाळी घरी येतो आणि पोराला बडवतो. पोराला कळतं ते एवढंच, की आपल्यामुळे बाबांचा अपमान झाला आणि तो खालच्या मजल्यावरच्या काकूंनी केला. दगड मारला तर कोणाच्या तरी डोळ्याला लागू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि गिळून टाकलं तर? ज्या अधिकाऱ्याच्या मुलाने आपल्या मुलीला ढकललं, तोच आपल्या नवऱ्याचा वार्षिक गोपनीय अहवाल लिहिणार आहे, हे बाईला ठाऊक असतं. ती गप्प बसते. तिची मुलगी ते पाहते. न्याय हुद्द्याप्रमाणे मिळतो, हा धडा ती मुलगी शाळेत जाण्याआधीच शिकून मोकळी होते. मला ही दुसरी वाट पहिलीपेक्षाही घातक वाटते.

माझी मावसबहीण काही काळ उत्तरेतल्या एका छावणीत सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये राहिली. नवरा फील्डमध्ये असेल तर कुटुंबाला अशी घरं मिळतात. म्हणजे अख्ख्या इमारतीत बायका, मुलं आणि क्वचित एखादे आजी-आजोबा. तिथली दोन-चार पोरं पाण्याच्या टाकीवर चढून खालच्या सायकल शेडच्या पत्र्यावर दगड मारायची. पत्रा वाजला की मजा यायची. एके दिवशी दगड चुकला आणि तिच्या मुलीची भुवई फुटली. एमआय रूममध्ये टाके पडले. दगड मारणारा सुभेदारांचा मुलगा होता आणि हिचा नवरा हवालदार. शेजारणींचं मत पडलं, “लेखी द्या स्टेशन हेडक्वार्टरला.” एक वयस्कर बाई म्हणाल्या, “जाऊ दे पोरी, मोठ्यांचं घर आहे.”

तिने दोन्ही ऐकलं नाही. राग निवेपर्यंत थांबली आणि दिवेलागणीनंतर एकटीच वर गेली. मुलीला बरोबर नेलं नाही. पट्टी बांधलेलं पोर पुढे उभं केलं की समोरची बाई आधी स्वतःचा बचाव करायला लागते, हे तिला कळत होतं. दार उघडल्यावर तिने हिंदीत एवढंच सांगितलं, “भाभीजी, आज चार बजे टंकी से पत्थर आया, मेरी बेटी को लगा. आपका बेटा ऊपर था, मैंने देखा.” समोरून अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं, “मेरा बेटा ऐसा नहीं करता.” ही वाद घालत बसली नाही. “आप उससे पूछ लीजिए,” म्हणाली आणि परत आली. पडद्याआड उभ्या असलेल्या मुलाने सगळं ऐकलं होतं. त्या दोघी पुढे कधी मैत्रिणी झाल्या नाहीत, जिन्यात भेटल्या तर मान हलवण्यापुरतंच नातं राहिलं. पण टाकीवरून दगड पुन्हा आला नाही.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते तिने काय टाळलं. मुलगा वाया गेलाय, संस्कार नाहीत, बाप घरी नसला की असंच होणार, यातलं एकही वाक्य तिने उच्चारलं नाही. यातलं शेवटचं वाक्य खरं असण्याचा संभव असतो, आणि म्हणूनच ते दारात उभं राहून बोलू नये. फौजीच्या मुलाची शाळा दर दोन-तीन वर्षांनी बदलते. केंद्रीय विद्यालयं 1963 पासून आणि आर्मी पब्लिक स्कूल चालवणारी संस्था 1983 पासून आहे, म्हणून निदान अभ्यासक्रम तुटत नाही; पण मित्र तुटतातच. बाप महिनोन्‌महिने फक्त फोनवर असतो. नव्या मैदानात जागा मिळवायला काही पोरं धिंगाण्याचाच आधार घेतात. हे समजून घेणं शेजाऱ्याने मनात ठेवावं. सांगावी ती घडलेली गोष्ट.

बहुतेक सगळा सल्ला कनिष्ठाला दिला जातो: नम्रपणे बोला, वेळ पाहून जा. माझं म्हणणं उलट आहे. या व्यवहारात जबाबदारी वरिष्ठाची जास्त आहे. जवानाच्या मुलाने त्रास दिला तर अधिकाऱ्याने त्याला ऑफिसात बोलावून घेऊ नये. साध्या कपड्यांत स्वतः त्याच्या घरी जावं. आणि आपल्या मुलाविषयी कोणी जवान किंवा त्याची बायको बोलायला आली, तर त्या जवानाचं नखभरही नुकसान होणार नाही, हे पलटणीला दिसेल असं वागावं. नुसतं तोंडाने सांगून भागणार नाही. एकदा एका सीओच्या, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाच्या, घरातून जवानाच्या घरी माफी गेली, तर ती सगळ्या लाइनीला महिनाभर पुरते.

अर्थात प्रत्येक गोष्ट दारात मिटवायची नसते. मुलाचा छळ होत असेल, हत्यार किंवा नशेचा प्रश्न असेल, तर वर कळवावंच लागतं. लैंगिक अत्याचाराबाबत तर 2012 च्या बालसंरक्षण कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; तिथे वसाहतीचं नाव राखण्यासाठी समजूत घालायला येणारा माणूस गुन्ह्याला मदत करतो.

आतापर्यंत बोललो ते कुंपणाच्या आतल्या मुलांविषयी. कुंपणाबाहेरच्या मुलाची पाटी कुठेच नसते, आणि तिथे गोष्ट किती भीषण होऊ शकते ते चेन्नईने पाहिलं आहे. 3 जुलै 2011, रविवार. आयलंड ग्राउंड्सजवळच्या लष्करी निवासी वसाहतीत शेजारच्या झोपडवस्तीतला 13 वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर बदाम पाडायला शिरला. त्याच्या डोक्यात गोळी घालण्यात आली. आठवडाभराने वसाहतीत राहणाऱ्या एका निवृत्त लेफ्टनंट कर्नलला अटक झाली आणि 2012 च्या एप्रिलमध्ये जलदगती न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. हा खून होता. त्याला शेजारधर्मातली चूक म्हणणं त्या मुलाच्या आईचा अपमान ठरेल. तरीही एक गोष्ट डोक्यातून जात नाही. याच झाडावर एखाद्या अधिकाऱ्याचा मुलगा चढला असता, तर वसाहतीतल्या माणसाने सवयीने विचारलं असतं, “कोणाचा रे तू?” भिंतीपलीकडच्या मुलाला हा प्रश्न विचारला जात नाही. तो घुसखोर ठरतो. त्याचं घर हाकेच्या अंतरावर असूनही त्या घरात जाण्याची वाट कोणाच्या मनातच नसते.

अशी कुंपणं आणखीही आहेत. चेन्नईच्याच किनाऱ्याने उत्तरेला पंधरा-वीस किलोमीटर गेलं की एन्नोर येतं. 2001 साली सुरू झालेल्या तिथल्या कामराजर बंदराची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. हे दल सैन्य नव्हे, पण सशस्त्र आहे, हुद्द्यांचं आहे आणि देशभर बदल्या होणारं आहे. आसपास नेट्टुकुप्पम, ताळनकुप्पम, काट्टुकुप्पम अशी मच्छीमारांची गावं आहेत. खाडी त्यांची, किनारा त्यांचा, आणि मधल्या जमिनीवर कारखाने, राख आणि कुंपणं. इथे सातारा-बीडकडून बदलून आलेल्या जवानाला कुप्पममधलं पोर कुंपणाजवळ दिसलं, तर तो काय करेल? त्याला तमिळ येत नाही, पोराला हिंदी येत नाही. उरतो तो दरडावणारा आवाज आणि उगारलेली काठी. त्याची स्वतःची मुलं मात्र वर्षभरात तमिळ बोलायला लागतात.

या गावांना तक्रार ऐकून घेण्याची स्वतःची व्यवस्था पूर्वापार आहे. तमिळ किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांत ऊर पंचायत असते. जाळ्यांचे वाद, घरातली भांडणं, पोरांचे उद्योग सगळं तिच्यापुढे जातं, आणि कोणतं पोर कोणाचं हे त्या माणसांना विचारावं लागत नाही. एन्नोरला नवी तुकडी आली की तिच्या अधिकाऱ्याने पहिल्या आठवड्यात, काही बिघडलेलं नसताना, एक तमिळ जाणणारा जवान सोबत घेऊन या गावांत जावं, पंचायतीतल्या माणसांशी ओळख करून घ्यावी आणि आपला फोन नंबर तिथे ठेवून यावा. त्यांच्याकडेही तक्रारी असतील, आणि त्या बहुतेक पोरांविषयीच्या नसतील. त्याही ऐकून घ्याव्यात.