ताटकळणाऱ्यांचा वेळ

'वेळच मिळत नाही हो!' हे वाक्य आज ज्याने उच्चारले नसेल तो भाग्यवानच म्हणायचा. नोकरी, लोकलचा प्रवास, मुलांचा अभ्यास, घरातले आजारपण... दिवस पुरत नाही हे खरे आहे. म्हणूनच वेळेच्या नियोजनावर पुस्तके निघतात, शिबिरे भरतात. त्यांतला प्रश्न बहुधा एकच असतो : माझा वेळ मी कसा वाचवू? मला वाटते, त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. मी जो वेळ खर्च करतो, तो नेमका कोणाचा?

आपल्या सणाच्या तयारीची एक बैठक संध्याकाळी साडेसातला ठरली होती. हिशेबाची वही माझ्याकडे होती. सात वाजता मी घरी तयार होतो. पण 'निघण्याआधी दोन फोन उरकून घेऊ' म्हणत बसलो आणि सभागृहात पोहोचलो तेव्हा आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. तेरा जण माझी वाट पाहत होते. चाळीस मिनिटे गुणिले तेरा, म्हणजे आठ तास चाळीस मिनिटे! एका माणसाचा कामाचा अख्खा दिवस मी दोन फोनांपायी उधळला होता.

चौदाव्या एक बाई होत्या. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याजवळ शेजारणीला बसवून त्या आल्या होत्या आणि आठ वाजता निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांची क्षमा मागायला गेलो. त्या हसून म्हणाल्या, "असू द्या हो. तुम्ही कामाची माणसं, उशीर व्हायचाच."

त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. रात्रंदिवस आजाऱ्याची सेवा करणाऱ्या त्या माउलीचा वेळ बिनकामाचा आणि माझा तेवढा मोलाचा, हे आम्ही दोघांनीही न बोलता मान्य केले होते, हे त्या वाक्याने माझ्या लक्षात आले.

जरा विचार करा. सकाळची गाडी आपली कधी चुकते का? साहेबांनी बोलावले तर आपण पाच मिनिटे आधीच दारात उभे असतो. म्हणजे वेळ पाळणे आपल्याला जमत नाही असे नाही. आपण उशीर करतो तो जे तक्रार करणार नाहीत त्यांच्याकडे जाताना : जेवणासाठी थांबलेली आई, शाळेच्या फाटकाशी उभे असलेले लेकरू, मजुरीसाठी ओट्यावर बसलेला गवंडी. आपण कोणाला ताटकळत ठेवतो यावरून आपण कोणाला लहान समजतो, हे कळते.

यात आपल्या अंदाजाचीही चूक असते. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की, एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस सगळे सुरळीत होईल असे धरूनच बांधतो. मागच्या वेळी किती वेळ लागला होता, हे तो जमेस धरत नाही. यावर उपाय साधा आहे. मागच्या वेळचा खरा आकडा आठवा, तोच धरा आणि निघायच्या वेळी नवे काम हाती घेऊ नका.

मग काय, घड्याळाचे गुलाम व्हायचे? तसेही नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. प्रार्थना, श्रम आणि वाचन यांच्या वेळा तीत ठरवून दिल्या आहेत. प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातले काम तसेच टाकून निघावे, असा त्यांचा दंडक आहे. पण तीच नियमावली असेही सांगते की, पहाटेच्या प्रार्थनेचे सुरुवातीचे एक स्तोत्र सावकाश म्हणावे, म्हणजे मागे राहिलेल्यांना येऊन पोहोचता येईल. स्वतःसाठी शिस्त आणि दुसऱ्यासाठी सवड, असा हा तोल आहे. आपण नेमके उलटे करतो. सवड स्वतःला देतो आणि शिस्त दुसऱ्याला लावतो.

प्रभू येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनीदेखील त्या दिवशी उशिराच पोहोचला असेल. जखमी माणसाला ओलांडून गेलेले दोघे कदाचित वेळेवर पोहोचले असतील! वाटेत कोणासाठी तरी थांबल्यामुळे झालेला उशीर वेगळा आणि आळसाने किंवा बेफिकिरीने झालेला उशीर वेगळा. दिवस इतका गच्च भरू नये की, वाटेत कोणी पडलेले दिसले तरी थांबायला सवड उरू नये. रोजच्या वेळापत्रकात अर्धा तास मोकळा ठेवायचा तो यासाठीच.

या आठवड्यात एवढेच करून पाहू. रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला विचारू : आज माझ्यासाठी कोण ताटकळले? नाव आठवले, तर उद्याच्या दिवसाची आखणी त्या नावापासून सुरू करू.

पुढच्या बैठकीची वेळ ठरवण्याआधी मी त्या बाईंना विचारले, "तुम्हाला किती वाजता जमेल?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. आजवर त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते. मग म्हणाल्या, "सहा."

बैठक सहाला आहे. मी पावणेसहाला पोहोचणार आहे.