उंदराचं पुण्य कोणाच्या खात्यात?

सप्टेंबर 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘पीडीएसए’ या प्राणिसेवी संस्थेनं आपलं सुवर्णपदक मगावा नावाच्या एका उंदराला दिलं. तोवर हे पदक कुत्र्यांनाच मिळत आलं होतं. टांझानियात जन्मलेल्या आणि 2016 साली कंबोडियात कामाला आलेल्या मगावानं जून 2021 मध्ये निवृत्त होईपर्यंत शंभराहून अधिक भूसुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब हुडकले. पदक दिलं जातं ते शौर्यासाठी आणि कर्तव्यनिष्ठेसाठी. अडचण इथेच सुरू होते. जिवाला धोका आहे हे कळत असूनही मागे न हटणं म्हणजे शौर्य. मगावाला तर सुरुंग म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. ठरावीक वास आला की जमीन खरवडायची आणि केळ्याचा तुकडा मिळवायचा, एवढाच त्याचा व्यवहार.

मग त्यानं वाचवलेल्या माणसांचं पुण्य कोणाचं?

हा प्रश्न या कामाच्या जन्मदात्यालाही परका नसावा. बार्ट वीटयेन्स हा बेल्जियमचा डिझायनर. लहानपणी त्यानं घरात उंदीर पाळले होते. आफ्रिकेतल्या सुरुंगांवर स्वस्त उपाय शोधताना त्याला तेच आठवले, आणि 1997 मध्ये ‘अपोपो’ ही संस्था उभी राहिली. पुढे वीटयेन्स झेन बौद्ध भिक्षू झाला. संस्थेचं प्रशिक्षण केंद्र टांझानियातल्या मोरोगोरो शहरात, सोकोइने कृषी विद्यापीठात आहे. तिथले उंदीर आपल्याकडच्या घुशीपेक्षाही मोठे. गालात अन्न साठवायच्या थैल्या, नजर अधू, नाक मात्र विलक्षण तल्लख. पिल्लाचे डोळे उघडले की त्याला माणसाच्या हाताची सवय लावतात. मग ‘क्लिक’ असा आवाज झाला की खाऊ मिळतो, हे शिकवतात. त्यानंतर टीएनटी या स्फोटकाचा वास ओळखला तरच क्लिक. सुमारे वर्षभरात उंदीर तयार होतो.

प्रत्यक्ष शेतात दोन माणसं समोरासमोर उभी राहून दोरी ताणतात. पट्ट्यानं त्या दोरीला जोडलेला उंदीर इकडून तिकडे जातो, मग दोरी थोडी पुढे सरकते. धातुशोधक यंत्र प्रत्येक खिळ्याला आणि डब्याच्या झाकणाला ओरडतं. उंदीर गंजक्या लोखंडाकडे ढुंकूनही बघत नाही. टेनिस कोर्टाएवढी जागा तो अर्ध्या तासात हुंगून काढतो. तेवढ्याच जागेला यंत्र घेतलेल्या माणसाला चार दिवसही लागू शकतात. उंदराचं वजन जेमतेम सव्वा किलो, त्यामुळे त्याच्या पावलानं सुरुंग फुटत नाही. आपला एकही उंदीर सुरुंगानं मेलेला नाही, असं अपोपो सांगते. म्हणजे माणसासाठी मुक्या जिवाचा बळी दिला जातो, हा सहज सुचणारा आक्षेप इथे टिकत नाही. उरतो तो जास्त अवघड प्रश्न.

बौद्ध विचारात कर्म म्हणजे हेतू, चेतना. कंबोडियात तर थेरवाद बौद्ध धर्म गावोगावच्या विहारांत रुजलेला आहे. या कसोटीवर उंदराच्या वाट्याला पुण्य येत नाही, कारण माणूस वाचवण्याचा त्याचा हेतूच नाही. पण हीच कसोटी जमिनीखालच्या सुरुंगाला लावली की ती दचकवून जाते. उंदीर हेतूविना वाचवतो, तसा सुरुंग हेतूविना मारतो. 1980 च्या दशकात थायलंडच्या सीमेवर ‘के-5’ नावाचा सुरुंगपट्टा पेरणाऱ्यांना सत्ता गमावलेल्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या गनिमांना रोखायचं होतं. ते युद्ध संपलं, पेरणारे म्हातारे झाले, काही मेलेही. सुरुंग जागचे हलले नाहीत. 1979 पासून कंबोडियात सुरुंग आणि जुन्या दारूगोळ्यानं जवळपास वीस हजार माणसं मेली. त्यांत शेतकरी होते, गुराखी होते, मुलं होती. त्यांना मारायचं असं कोणीच ठरवलं नव्हतं. मग पाप कोणाचं?

इथे जैन विचार जास्त कडक आहे. मारायचं मनात नव्हतं, एवढ्यानं तो सुटका करत नाही. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेपर्वाईशी, बांधलेली आहे. नकाशा न ठेवता सुरुंग पेरणं याहून मोठा प्रमाद कोणता? आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. सैनिक निदान ‘गरज होती’ असं म्हणू शकतो. तीस वर्षांनी नांगराच्या फाळाखाली फुटणाऱ्या सुरुंगाच्या वतीनं तेही म्हणता येत नाही.

हेतू माणसाचा, हे प्राण्यांच्या प्रशिक्षणाचा इतिहासही दाखवतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी बॉम्बला निशाण्यावर नेण्यासाठी कबुतरांना पडद्यावरच्या चित्रावर चोच मारायला शिकवलं होतं. 1944 मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला. त्या प्रकल्पावर काम केलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलंड या दांपत्यानं पुढे क्लिकची पद्धत रूढ केली. सोव्हिएत सैन्यानं तर कुत्र्यांना रणगाड्याखाली अन्न शोधायची सवय लावली आणि त्यांच्या पाठीवर स्फोटकं बांधून त्यांना जर्मन रणगाड्यांकडे सोडलं. खाऊचं आमिष तिथेही होतं, मोरोगोरोतही आहे. कुत्र्याला रणगाडा कळत नव्हता, उंदराला सुरुंग कळत नाही. पाप असो वा पुण्य, ते खाऊ देणाऱ्या हाताकडे जातं.

पण पुण्य आपल्याकडे आलं, म्हणून हिशेब मिटत नाही. ज्याच्याकडून काम करून घेतलं, त्याचं देणं राहतं. तत्त्वज्ञ कांट आपल्या व्याख्यानांत म्हातारा झालेल्या इमानी कुत्र्याचा दाखला देतो. मालकानं त्याला मरेपर्यंत पोसावं. न पोसल्यास कुत्र्याबद्दलचं कर्तव्य मोडत नाही, पण मालकाची माणुसकी उणावते, असं त्याचं म्हणणं. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर याच्या पुढे जातो. स्वर्गाचा रथ समोर उभा असताना तो सोबत चालत आलेल्या कुत्र्याला सोडायला नकार देतो. विश्वासानं आलेल्याला टाकणं हेच त्याला पाप वाटतं, आणि हे देणं थेट त्या कुत्र्याचं असतं.

अपोपोत निवृत्त उंदराला पिंजरा, खाणं आणि वैद्यकीय देखभाल मिळते. मगावा जानेवारी 2022 मध्ये, आठ वर्षांचा होऊन वारला. ही मरेपर्यंतची देखभाल कांटच्याही हिशेबात बसते आणि युधिष्ठिराच्याही. मात्र आपला जिव्हाळा उपयोगापुरताच असतो, हेही मान्य करायला हवं. गणपतीच्या पायाशी उंदीर बसवणाऱ्या मुंबईतच रात्री उंदीर मारायला महापालिकेची माणसं नेमलेली असतात. प्लेग पाहिलेल्या शहराकडे त्याची कारणंही आहेत. जो उंदीर आपल्या कामाचा नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का, या प्रश्नाला मगावाच्या पदकातून उत्तर मिळत नाही.

मगावा धोका न कळता जिथे फिरला, त्या सुरुंगांच्या भूमीत जाणूनबुजून पाऊल टाकणारेही होते. महाघोसानंद हे कंबोडियाचे भिक्षू. त्यांचं शिक्षण बिहारात नालंदा इथे झालं. ख्मेर रूजच्या राजवटीत त्यांचं कुटुंब संपलं. 1992 पासून त्यांनी ‘धम्मयात्रा’ काढल्या आणि सुरुंग पेरलेल्या मुलखातून भिक्षू, भिक्षुणी आणि गावकरी चालवत नेले. 1994 ची यात्रा गोळीबारात सापडली. एक भिक्षू आणि एक भिक्षुणी मारले गेले. तरी पुढच्या वर्षी यात्रा निघालीच. सुरुंगबंदीच्या मागणीतही महाघोसानंद आघाडीवर होते.

ती बंदी 1997 च्या ओटावा करारानं आली. करारात सामील देशानं आपल्या ताब्यातली जमीन दहा वर्षांत साफ करायची असते. म्हणजे झाडायचं काम जमीन ज्याच्याकडे आहे त्याचं, पेरणाऱ्याचं नव्हे. कंबोडियाला त्यासाठी पुन्हा पुन्हा मुदत वाढवून घ्यावी लागली. भारत, चीन, रशिया, अमेरिका आणि पाकिस्तान करारात नाहीतच. नोव्हेंबर 2024 मध्ये या कराराची आढावा परिषद कंबोडियातल्या सिएम रीप शहरात भरली. पुढच्याच वर्षी लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी करारातून बाहेर पडायचं ठरवलं. रशिया शेजारी आहे, हे त्यांचं कारण. युक्रेनकडे पाहता ते पोकळही नाही. पण तिथे पुन्हा सुरुंग पेरले गेले, तर के-5 च्या वेळी जे झालं ते कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय तिथल्या खासदारांना असणार नाही.