‘काही नाही’ म्हणू नका

अंध माणूस रस्त्याच्या कडेला उभा दिसला की कोणीतरी पुढे होऊन त्याला पलीकडे नेतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या वाट्याला मात्र हसू येते. आपल्या विनोदी नाटकांतले बहिरे आजोबा भलतेच उत्तर देऊन टाळ्या घेण्यापुरते रंगमंचावर येतात. घरातल्या खऱ्या आजोबांनी ‘काय झालं रे?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘काही नाही, तुम्ही जेवा.’

पाच माणसे पोट धरून हसत असतात आणि सहाव्याला सांगितले जाते की काहीच झाले नाही! न ऐकू येण्याची सवय होऊ शकते. या ‘काही नाही’ची होत नाही.

हा दुरावा अटळ आहे का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तिथे आनुवंशिकतेमुळे पिढ्यान्‌पिढ्या कर्णबधिर मुले जन्माला येत. एकोणिसाव्या शतकात चिलमार्क या गावात साधारण पंचवीस माणसांमागे एक कर्णबधिर होता. त्यामुळे ऐकू येणारी मुलेही लहानपणीच हातवाऱ्यांची भाषा शिकत. दुकानात, शेजारीपाजारी, समुद्रात एका होडीतून दुसऱ्या होडीत बोलताना तीच भाषा चाले. कर्णबधिर माणसे मासेमारी करत, शेती करत, संसार थाटत, गावच्या कारभारात भाग घेत. नोरा ग्रोस या मानवशास्त्रज्ञ बाईंनी पुढे तिथल्या वृद्धांशी बोलून त्यावर पुस्तक लिहिले, ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वृद्धांना एखादा जुना गावकरी आठवायचा तो पट्टीचा मच्छीमार म्हणून. त्याला ऐकू येत नव्हते, हे मुद्दाम विचारल्यावरच त्यांच्या ध्यानात येई.

तिथे कोणाचे कान बरे झाले नव्हते. बदलले होते ते भोवतालचे लोक.

भारतात २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या सुमारे ५० लाख माणसांची नोंद झाली. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा सांकेतिक कोश तयार केला. तरी बँकेच्या खिडकीशी, दवाखान्यात, रेल्वे फलाटावर आपण त्या माणसाला डावलून त्याच्या सोबत्यालाच विचारतो, ‘यांना काय हवंय?’ प्रश्न त्याचा, पैसा त्याचा, दुखणे त्याचे. बोलणे मात्र दुसऱ्याशी.

‘ओठ बघून कळतं ना त्यांना?’ असेही आपण सहज म्हणतो. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता ‘पाट’, ‘भात’ आणि ‘माठ’ म्हणून पाहा. ओठ जवळजवळ सारखेच हलतात. मधला फरक त्या माणसाला संदर्भावरून जुळवावा लागतो, आणि तोही आपण तोंड फिरवेपर्यंतच. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले, तेव्हा तेवढाही आधार गेला.

करायचे ते अवघड नाही. समोर या, चेहऱ्यावर उजेड राहू द्या. ओरडू नका, ओरडताना ओठांचा आकार बिघडतो, आणि श्रवणयंत्रातून तो आवाज कर्कश होऊन पोचतो. एका वेळी एकानेच बोला. नाही कळले तर शब्द बदलून सांगा, तरी नाही तर मोबाइलवर लिहून दाखवा. सांकेतिक भाषा जाणणारा मनुष्य भेटला तर नमस्कारापुरत्या चार खुणा त्याच्याकडूनच शिकून घ्या. दुभाषा सोबत असला तरी नजर मूळ माणसाकडे ठेवा.

आणि आज घरात कोणी दुसऱ्यांदा ‘काय म्हणालात?’ असे विचारले, तर न कंटाळता सगळे पुन्हा सांगा. विनोद असेल, तर तो विनोदही सांगा.